मदत हवी आहे : नाकाचा वाकडा पडदा आणि बाहेरचा आकार, शस्त्रक्रिया एकत्र करावी की वेगवेगळी?

सातपूरचा_वाटसरू
नमस्कार. उजव्या नाकपुडीतून मला जवळजवळ श्वास घेता येत नाही; रात्री तोंड उघडे राहते आणि पहाटे घशाला कोरड पडून जाग येते. बाहेरून नाक डावीकडे झुकलेले आहे. नाकासमोर चालायचे ठरवले तर मी डावीकडेच पोहोचेन, अशी थट्टा घरी रोज होते. कॉलेज रोडवरील कान-नाक-घसा तज्ज्ञ फक्त आतला पडदा सरळ करावा असे म्हणतात, तर गंगापूर रोडवरील प्लास्टिक सर्जन पडदा आणि बाहेरचे हाड एकाच वेळी करण्याचा आग्रह धरतात आणि त्यांचा खर्चाचा अंदाज दुपटीहून अधिक आहे. सोमवारी तारीख कळवायची आहे. एकत्र की वेगवेगळी, एवढेच सांगावे.

माजघर
वय किती? नाकाला कधी मार लागला होता का? सीटी स्कॅन झाला आहे का? नाकात थेंब घालता का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पहाटवारा
माझे वय 61. गेली नऊ वर्षे रोज पहाटे जलनेती करतो आणि नंतर दोन्ही नाकपुड्यांत कोमट तिळाच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडतो. धुक्याच्या दिवसांतही माझे नाक चोंदत नाही. शस्त्रक्रियेच्या भानगडीत पडण्यापूर्वी तीन महिने करून पाहावे.

माजघर
पहाटवारा, जलनेतीने स्राव आणि धूळ धुतली जाते, पडद्यातली वाकलेली कूर्चा (हाडासारखा, पण लवचीक भाग) सरळ होत नाही. शिवाय पाणी उकळून गार केलेलेच हवे, हे आपण लिहिलेच नाही.

पहाटवारा
मी अनुभव लिहिला, दावा केला नाही.

सातपूरचा_वाटसरू
वय 34. सीटी स्कॅन झाला आहे. पडदा उजवीकडे वळलेला आहे, असे त्यात लिहिले आहे. चार वर्षांपूर्वी द्वारका चौकात दुचाकीवरून पडलो होतो आणि नाकातून बरेच रक्त आले होते, पण इतकी जुनी गोष्ट लिहिण्याचे कारण वाटले नाही. थेंब सात-आठ महिने झोपताना घालतो, कारण त्याशिवाय झोपच लागत नाही. माझा प्रश्न थेंबांचा नाही.

औषधाचे_दुकान
प्रश्न थेंबांचाही आहे. बाटलीवर ऑक्सीमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असे लिहिले असेल, तर ते औषध मोजक्या दिवसांपुरते असते. ते महिनोन्महिने घातले की असर उतरताच आतले अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजते, नाक पुन्हा बंद होते आणि माणूस पुन्हा बाटली उघडतो. आपली चोंदण पडद्यामुळे किती आणि थेंबांमुळे किती, हे ठरण्यापूर्वीच तारीख देऊ नये. दोन्ही डॉक्टरांना हे सांगितले आहे का?

रेषेत_नाक
दोन वर्षांपूर्वी माझी एकत्र शस्त्रक्रिया झाली, म्हणून लिहितो. पडदा हा तंबूच्या खांबासारखा असतो. खांब वाकडा ठेवून वरचे कापड सरळ बसत नाही, आणि अपघातात हाडही सरकले असेल तर नुसता पडदा सरळ करून श्वास मोकळा होईलच असे नाही. दुसरी गोष्ट कूर्चेची. नाकाला आतून आधार देण्यासाठी पडद्याचीच कूर्चा वापरतात. आज फक्त पडदा करताना ती काढून टाकली आणि पुढे आकार सुधारायचा ठरला, तर कानातून किंवा बरगडीतून कूर्चा घ्यावी लागू शकते. आपण दाढी करताना उजवा गाल बोटाने बाहेरच्या बाजूला ओढून पाहावे. एकदम हवा आत आली, तर अडचण नाकाच्या झडपेपाशीही, म्हणजे नाकपुडीच्या आतल्या सर्वांत अरुंद जागेपाशीही, असू शकते. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना जरूर सांगावे. माझ्या नाकावर सात दिवस पट्टी होती, आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागले.

पोथीशाळा
या निमित्ताने आठवण करून देतो की, कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवण्याची पुण्याकडील शस्त्रक्रिया 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये सचित्र छापून आली होती. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर ती झाली होती.

माजघर
वाटसरूंचे नाक जागेवर आहे.

कॉलनी_नंबर_दोन
नाकात इंजेक्शन भरून अर्ध्या तासात आकार सरळ करून मिळतो, असे माझी मावसबहीण सांगते.

रेषेत_नाक
त्याने श्वास मोकळा होत नाही. ते द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाण्याचाही धोका असतो.

जमाखर्च
विम्याचे कोणी विचारले नाही, पण खर्चाचा मुद्दा आहे म्हणून सांगतो. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघातानंतरच्या पुनर्रचनेला मात्र ही मनाई लागू नसते. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा तो अपघात हाच आपला सर्वांत उपयोगी कागद आहे. त्या दिवशी कोठे दाखवले होते, एक्स-रे काढला होता का?

सातपूरचा_वाटसरू
दाढी करताना गाल ओढून पाहिला. चार वर्षांत प्रथमच उजवीकडून पूर्ण श्वास आला आणि साबणाचा वासही आला. बाटलीवर ऑक्सीमेटाझोलिनच आहे. दोन्ही डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. सोमवारची तारीख पुढे ढकलली आहे. एक्स-रे काढला होता, परंतु ती फिल्म आईने ग्रहण पाहण्यासाठी शेजाऱ्यांना दिली होती. सोबतचा लेखी अहवाल मिळाला, तर विमा कंपनीला तेवढा चालतो का?