मदत हवी आहे : सिलिअॅकसाठी गहू न दळणारी गिरणी

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ दळणारी गिरणी कुणाला माहीत आहे का? घरी सिलिअॅकचा (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) जुना रुग्ण आहे. गहू, मैदा, रवा पूर्ण बंद, हिंगसुद्धा मैदा न घातलेलाच, तरी टीटीजी अँटीबॉडी (या आजारात रक्ततपासणीत वाढलेल्या दिसतात त्या) खाली येत नाहीत. सगळा संशय गिरणीवर आहे.

"आधी किलोभर तांदूळ फिरवून घेतो" हा गिरणीवाल्यांचा नेहमीचा उपाय पुरत नाही. गिरणीच्या दगडाच्या खाचांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत गव्हाचं पीठ चिकटून राहतं. गव्हाच्या पिठात साधारण 10 टक्के ग्लूटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत 5 ग्रॅम जरी मिसळलं तरी 500 मिलिग्रॅम झालं. ग्लूटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम! पोट दुखलं नाही तरी आतड्याचं नुकसान चालूच राहतं.

तशी गिरणी नसेल तर घरगुती चक्की घेऊ. नवीच हवी, वापरलेली नको. रोज किलोभर ज्वारी-बाजरीला कोणती टिकते? बाजरीचं पीठ जाळीत अडकतं का? वापरणाऱ्यांनी कृपया मॉडेलसकट सांगा. भाजणीसुद्धा त्यातच, गव्हाशिवाय दळायची आहे.