दुसरं बाळ येणार म्हणून सात सीटर घ्यायची गरज नाही

पेठेतली_ताई:
घरात दुसरं मूल येणार म्हटलं की सगळे एकच सांगतात, "आता सात सीटर अर्टिगाच घ्या." माझं मत उलट आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि अधूनमधून येणारे आजी-आजोबा, एवढ्या घराला चार मीटरच्या आतली पाच सीटर पुरते. पेट्रोल मॅन्युअल डिझायर या पाच सीटरचं एआरएआयचं (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं) मायलेज लिटरला २४.७९ किलोमीटर, अर्टिगाचं २०.५१. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण फरक राहतोच. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे. अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब, इंजिन १४६२ सीसी, म्हणून तिला ४० टक्के. रोज शाळा, ऑफिस, मंडई करताना मागची रांग रिकामी फिरवायची आणि त्यासाठी एवढा कर भरायचा, हे मला पटत नाही. गणपतीला किंवा लग्नाला मोठी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते.

संगमेश्वरी:
ताई, गणपतीत गाडी भाड्याने मिळवून दाखवा. बुकिंग कधीच संपलेलं असतं, मिळालीच तर दर वाढलेला. त्यात बाहेरगावी दिवसाला २५०-३०० किलोमीटर धरूनच पैसे लावतात, गाडी दिवसभर अंगणात उभी असली तरी. आम्ही गावी चांगले आठवडाभर राहतो, त्याचं बिल कोण भरणार?
आणि सगळ्यांकडे आजी-आजोबा अधूनमधून येत नाहीत. माझे आईवडील आमच्याबरोबरच राहतात. आम्ही दोघं, ते दोघं, दोन मुलं, म्हणजे सहा माणसं. पाच सीटरमध्ये कुणाला घरी ठेवू? एकाला मांडीवर घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा का?

पेठेतली_ताई:
मांडीवर कुणालाच घ्यायचं नाही, यावर आपलं एकमत आहे. सहा माणसं रोज एकत्र राहतात तिथे माझा मुद्दा लागू होत नाही, हेही मान्य. पण माझ्या ओळखीत सात सीटर घेणारी बहुतेक घरं चौघांची आहेत.
तुमच्यासाठीही एक अडचण सांगते, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट दुमडून पुढे सरकवावी लागते. त्या सीटवर चाइल्ड सीट बांधलेली असली की ती सरकत नाही. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मधल्या रांगेत दोन्ही कडेच्या जागांना असतात. दोन लहान मुलांच्या दोन चाइल्ड सीट तिथे लागल्या की मागची रांग बंदच झाली. मग आईवडील मागे जाणार कसे? दरवेळी बाळाची सीट सोडवायची, परत बांधायची? घाईत बांधलेली चाइल्ड सीट सैल राहते, आणि सैल सीटचा उपयोग नाही.

संगमेश्वरी:
माझी मोठी सात वर्षांची आहे. ती बूस्टरवर (मोठ्या मुलांच्या उंच बैठकीवर) मागच्या रांगेत बसेल, बाळ मध्ये एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. मागे जायची वाट आईच्या बाजूने. हे जमतं.

पेठेतली_ताई:
जमतं, पण मागच्या रांगेच्या पाठीशी डिकीचं दार अगदी जवळ असतं. मागून धडक बसली तर आधी तीच जागा. मी माझ्या मुलाला रोज तिथे बसवणार नाही.

सीएनजीवाला_नाशिक:
मायलेजचं बोलताय तर खर्चाचंही बोला. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरा. पेट्रोलवर १८ आणि सीएनजीवर २६ किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरमागे साधारण सव्वादोन रुपये वाचतात. सीएनजी मॉडेलला ९५ हजार जास्त मोजले तर ते ४२ हजार किलोमीटरच्या आसपास वसूल होतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याला साडेतीन वर्षं लागतील. तेवढं चालत नसेल तर पंपावरच्या रांगेत उभं राहू नका. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) करावी लागते, तोही खर्च धरा.
लहान बाळाच्या घरात डिकी फार महत्त्वाची. प्रॅम, डायपरची पिशवी, दुधाचं सामान. डिझायर पेट्रोलची डिकी ३८२ लिटर आहे, सीएनजीत सिलिंडर ती बरीचशी खातो. सीएनजीच हवी तर खाली दोन छोटे सिलिंडर बसवलेली टाटा पंच बघा. तिची डिकी ३६६ वरून २१० लिटरवर येते, पण निदान सपाट राहते.

दोन_मुलींची_आई:
मायलेजच्या आधी क्रॅश टेस्ट बघा, कृपा करून. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत वॅगनआरला मोठ्यांसाठी एक तारा आणि मुलांसाठी शून्य मिळाला. त्यानंतर तिला सहा एअरबॅग आल्या, पण एअरबॅग वाढल्याने गाडीचा सांगाडा आपोआप मजबूत होत नाही. डिझायरला २०२४ मध्ये मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी चार मिळाले. किलोमीटरला दोन रुपये वाचवून मुलांसाठीचा शून्य विकत घ्यायचा नाही.
संगमेश्वरी दादा, तुम्ही रेनोची ट्रायबर बघितलीत का? चार मीटरच्या आत, सात सीट, जीएसटी १८ टक्के. २०२१ मध्ये मोठ्यांसाठी चार तारे होते. मागची रांग अख्खी काढून घरी ठेवता येते, मग डिकी ६२५ लिटर. गणपतीला परत बसवायची.

संगमेश्वरी:
चालवून बघितली आहे. शहरात छान आहे. पण इंजिन ९९९ सीसी, ताकद ७२ पीएस, सात माणसं आणि एसी घेऊन घाट चढताना तिला पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच ठेवावं लागतं. सातही सीट लावल्या की डिकी फक्त ८४ लिटर उरते. बॅगा टपावर गेल्या की मायलेजचा हिशोब संपला. अर्टिगात सात बसूनही २०९ लिटर राहते, म्हणजे दोन बॅगा तरी आत.

पेठेतली_ताई:
मग निदान एवढं करा, बुकिंगच्या आधी आईला आणि बाळाची सीट दोन्ही शोरूमला घेऊन जा. सीट बांधा, आईला आत-बाहेर करू द्या, शेवटी डिकीत प्रॅम ठेवून बघा. सेल्समन घाई करेल, करू दे.

संगमेश्वरी:
रविवारी नेतो. पण सहा माणसांच्या घराला पाच सीटर पुरते, हे मी मान्य करणार नाही.