'पेशंट नॅव्हिगेटर'ला मराठीत काय म्हणाल?

काठावरचा: एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय, त्यात पर्सन-सेंटर्ड पेशंट नॅव्हिगेशन जागोजागी येतं. मी 'व्यक्तिकेंद्रित रुग्ण-मार्गदर्शन' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी मार्गदर्शन खोडलं. म्हणाल्या हा माणूस उपदेश करत नाही, अडलेलं काम हलवतो, म्हणजे तपासणीची तारीख मिळवणं, रिपोर्ट कुठे अडकला ते शोधणं, फॉर्म भरायला शेजारी बसणं, भाषा कळत नसेल तर दुभाष्या बघणं, आणि मुळात 'तुमचं कुठे अडतंय' हे आधी विचारणं. मग काय लिहू?

तिरकी मात्रा: वाटाड्या. संपला विषय.

निंबोणी: वाटाड्या पुढे चालतो हो, मागचा दमला तरी त्याला पत्ता नसतो. माझ्या आत्याच्या आजारपणात फाईल या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती, शेवटी तिथल्या एका सोशल वर्कर ताईंनी तिला विचारलं की तुम्ही तारखेला येत का नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या काकांजवळ बसायला कोणी नव्हतं, एवढंच कारण. डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'रुग्ण सहकार्य करत नाही'! त्या ताईंना आम्ही ताईच म्हणायचो, पदाचं नाव कोणाला माहीत होतं.

शुद्धमती: रुग्णसारथी! इतका सुंदर शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला? रथ कुठे उभा करायचा ते अर्जुन सांगतो, कृष्ण नेतो. हेच व्यक्तिकेंद्रित.

तिरकी मात्रा: आणि मग अठरा अध्याय उपदेश कोणी केला? बाई परत खोडतील.

काठावरचा: 😄 पण ही कल्पना आली कुठून तेही बघा. हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, 1990 साली सुरू केलं. स्तनाच्या कॅन्सरच्या गरीब बायका फार उशिरा यायच्या, गाठ संशयास्पद निघाल्यावरही पुढची तपासणी आणि उपचार यात वेळ जायचा, तो कमी करायला माणसं नेमली. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण आधी 39 टक्के होतं, नंतरच्या पेशंटमध्ये 70. अर्थात स्वस्त किंवा फुकट तपासण्यांचाही त्यात वाटा.

निंबोणी: मग 'रुग्णसोबती' बरा. पण रुग्ण तरी कशाला, व्यक्ती म्हणताय ना? रुग्णकेंद्रित म्हटलं की आजार आला, व्यक्तिकेंद्रित म्हटलं की घरचे काकाही आले.

शुद्धमती: सोबती फारच घरगुती वाटतं, सरकारी कागदावर शोभणार नाही. संस्कृतप्रचुर असलं की अर्थ नेमका राहतो, उदा. केंद्रित.

गलबत: केंद्र मूळचं ग्रीक आहे, ज्योतिषातून संस्कृतात आलं 🙂 आणि नॅव्हिगेटर म्हणजे जहाज हाकणारा, मग 'सुकाणूधर' का नको?

शुद्धमती: सुकाणू चालेल, अस्सल मराठी.

गलबत: अरबी. सुक्कान.

तिरकी मात्रा: तांडेल म्हणा मग.

शुद्धमती: तांडेल सुकाणूवर नसतोच मुळी, तो खलाशांचा मुकादम.

गलबत: सगळीकडे तसं नाही, छोट्या होडीवर तोच सुकाणू धरतो. आता तांडेलवर वेगळा धागा काढतो, यात बरंच सांगण्यासारखं आहे.

काठावरचा: अहो, मला उद्या पुस्तिका द्यायचीय.