मीटरच्या भिंतीला पाळणा: मेंदूच्या गाठीची भीती खरी की वायफळ?

मानेवाडेकर: आमच्या सोसायटीत तळमजल्यावर बारा घरांचे मीटर एकाच भिंतीवर आहेत. पलीकडे एका जोडप्याची बेडरूम, आणि नेमका तिथंच बाळाचा पाळणा. कोणीतरी चुंबकीय क्षेत्र मोजणारं मोबाइलचं अ‍ॅप भिंतीला लावलं, आकडा आला 44 मायक्रोटेस्ला. नेटवर धोक्याची रेषा 0.4! आता बाळाला मेंदूची गाठ होईल या भीतीनं ते घर सोडायला निघून राहिले. अहो, तो 44 पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्राचा आहे. नागपूरच्या फुटाळा तलावावर उभे राहून मोजा, जवळपास तेवढाच येईल. विजेच्या तारांमधलं 50 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 50 वेळा हेलकावणारं क्षेत्र असं अ‍ॅपवर कळत नाही. माझ्या मते ही भीती वायफळ आहे.

विदर्भकन्या: अ‍ॅप चुकलं म्हणून प्रश्नच चुकला का भाऊ? 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला वर्थायमर आणि लीपर यांनी घराजवळच्या तारा आणि मुलांचे कॅन्सर यांचा संबंध मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे क्षेत्र 'कर्करोगाची शक्यता' या 2बी गटात टाकलंय. 2010 च्या जपानी अभ्यासात 0.4 च्या वर मेंदूच्या गाठींचा धोका दहापट निघाला. हे सगळं वायफळ?

मानेवाडेकर: 2बी झालं ते रक्ताच्या कॅन्सरमुळं, ल्युकेमियामुळं. मेंदूच्या गाठीमुळं नाही. (त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत बाप्पा.) आणि जपानचं दहापट? 0.4 च्या वरची मुलं त्यात बोटावर मोजण्याइतकी. त्याच वर्षी दहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, मेंदूच्या गाठींशी ठाम संबंध दिसला नाही.

विदर्भकन्या: म्हणजे ल्युकेमियाचं मान्य आहे तर! 0.4 च्या वर साधारण दुप्पट. आईबापाला गाठ काय नि ल्युकेमिया काय.

मानेवाडेकर: संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. मुळात दुर्मीळ आजार, आणि एवढ्या क्षेत्रात राहणारी घरंही थोडीच.

जुना वायरमन: दोघंही भिंतीवर भांडून राहिले, पण भिंत हे क्षेत्र अडवतच नाही. अंतरानं ते कमी होतं. मीटरपासून चार-पाच फूट लांब गेलं की बहुतेक उतरलेलं असतं. मे महिन्यात बारा घरचे कूलर-एसी सोबत चालले की करंट वाढतो, क्षेत्रही वाढतं. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) सोबत गेले तर एकमेकांचं क्षेत्र खातात. जुन्या बिल्डिंगात न्यूट्रल भलतीकडूनच फिरवलेला असतो, तिथं गडबड. ते वायरिंग तपासाच, शॉकसाठी तरी. गॉस मीटर (तारांचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) आणून संध्याकाळच्या लोडवर मोजा. तोवर पाळणा समोरच्या भिंतीला सरकवा.

मानेवाडेकर: सरकवला की सारी सोसायटी म्हणेल, बघा, धोका होताच. उद्या डीपीजवळच्या प्रत्येक फ्लॅटचा भाव पाडायला दलाल हेच सांगतील. हाय टेन्शन तारेखाली गच्ची वाढवणाऱ्यांना मात्र कोणी बोलत नाही. 2017 मध्ये नागपुरात त्या तारांच्या शॉकनं मुलांचे जीव गेले.

विदर्भकन्या: त्यांनाही बोला ना, कोण अडवतं? पण फ्लॅटच्या भावासाठी बाळाला मीटरच्या भिंतीशीच निजवा म्हणता, हे मला पटत नाही.