भाडं मला मिळालं, मानधन पोरांना नाही. हे बरोबर आहे का?

छोटाहत्ती

गेल्या शनिवार-रविवारी विजापूर रोडकडच्या एका लॉनवर संगीताचा महोत्सव झाला. सिनेमाची गाणी नाहीत, स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः वाजवायचं, असले बँड. त्यात आपल्या गावातल्या चौघांचा एक बँड होता. माझ्या आईला बँड म्हटलं की लाल कोट घातलेले पिपाणीवाले आठवतात, म्हणून सांगतो, तसला नव्हे. गिटार, बास, ड्रम आणि गाणारी एक पोरगी. सगळे कॉलेजातले, ड्रमवाला तेवढा टॉवेलच्या कारखान्यात कामाला.

मी टेम्पोवाला. त्यांचं सामान माझ्या छोट्या हत्तीतून गेलं आणि आलं. भाडं बाराशे.

वेळ दिली होती साडेचारची. फेब्रुवारीतलं सोलापूरचं साडेचारचं ऊन काय असतं ते सांगायला नको. लग्नातल्याच खुर्च्या, त्यावर तेच चकचकीत कापड, पाठीमागं गाठ मारलेली. माणसं चाळीसेक. अर्धा तास मिळणार होता, मिळाली चौदा मिनिटं. तीन गाणी झाली. तिसरं गिरणीच्या भोंग्यावर होतं, एक कडवं मराठी, एक तेलुगू. ते चालू असताना मंडपवाल्याचा गडी शिडीवर वायर बांधत होता, तो वायर हातात धरून तसाच बसून राहिला. मी पाहिलं म्हणून सांगतो.

सामान उतरवल्यावर चौघांनी पैसे गोळा केले. एकानं फोनवरून टाकले, एकीनं पर्समधून दहा-वीसच्या नोटा काढल्या, ड्रमवाल्याला शंभर कमी पडले ते दुसऱ्यानं भरले. मी घेतले. घरी जाताना डोक्यात हिशेब चालू झाला. मंडपवाल्याला मिळाले. साउंडवाल्याला, जनरेटरवाल्याला, गेटवरच्या काळ्या टी-शर्टवाल्यांना मिळाले. डोसेवाल्यानं तर चांदी केली. मला मिळाले. ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं म्हणायचं, त्या पोरांना दोन पाण्याच्या बाटल्या आणि गळ्यात घालायचा पास. वर स्वतःच्या खिशातून बाराशे.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं का?

सातरस्ता

पोस्टरवर नाव तरी कुठं होतं बे. पार तळाला, प्रायोजकांच्या जरा वर. भिंग घेऊन बघावं लागलं.

लॉनवरचा

मी आयोजकांपैकी एक आहे. लपून बोलायची गरज नाही.

एक, त्या बँडनं फॉर्म स्वतः भरला. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं की स्थानिक बँडना मानधन नाही. खाली चौघांच्या सह्या आहेत.

दोन, तिकीट ३०० ठेवलं. पाचशेच्या वर गेलं की जीएसटी लागतो, आणि खरं म्हणजे न ऐकलेल्या गाण्यांना सोलापुरात पाचशे देणार कोण? तीनशेलाही लोक विचारत होते, "आत जेवण आहे का?" दोन दिवसांत तिकिटं दोनशेच्या आतच गेली. साउंड-लाइटचेच सत्तर हजार. त्यावर लॉन, मंडप, जनरेटर. पोलीस, महापालिका, अग्निशमन, प्रत्येक परवानगीसाठी निदान तीन हेलपाटे. आम्ही तिघं मित्र आहोत, तोटा तिघांनी वाटून घेतला. माझ्या वाट्याला आला त्यात जुनी दुचाकी आली असती.

तीन, पुण्याच्या बँडला पैसे दिले, हो. कारण जी काही तिकिटं गेली ती त्यांच्या नावावर गेली. हे कडू आहे, पण खरं आहे.

आणि हा महोत्सव झालाच नसता तर ती पोरं कुठं वाजवणार होती? घराच्या गच्चीवर?

बेंजोमास्तर

बावीस वर्षं झाली बेंजो पार्टीत. आमच्यात फॉर्मबिर्म नसतो. सुपारी घ्यायला माणूस येतो, चहा पितो, आकडा ठरतो, इसार हातात पडतो, मग तारीख वहीत. इसार नाही तर तारीख नाही. सख्ख्या मेहुण्याच्या वरातीला पण शंभर रुपये इसार घेतला होता मी. तमाशावाल्यांचं बघा, जत्रांचा हंगाम आला की नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथं येऊन सुपाऱ्या ठरवतात. तिथं कोण म्हणतं का, "एकदा फुकट नाचा, नाव होईल"?

आता दुसरी बाजू पण ऐका. ती पोरं मी पण ऐकली, पुतण्या घेऊन गेला होता. ड्रमवाल्याचा हात चांगला आहे. पण चौदा मिनिटांत एक तरी ओळखीचं गाणं लावायला काय होतं? समोरच्याचे पाय हलले की खिशात हात जातो. आमच्यापुढं लेझीम चालते, माणूस घामाघूम होतो, म्हणून पैसे मिळतात. मान हलवत नुसतं ऐकायचं असेल तर लोक देवळात भजनाला जातात, तिथं प्रसाद पण मिळतो.

छोटाहत्ती

मास्तर, ओळखीचं वाजवायचंच नाही असा तिथला नियम होता. स्वतःचंच वाजवा म्हणून बोलावलं, आणि मग म्हणायचं लोकांना माहीत नाही म्हणून पैसे नाहीत. दोन्हीकडून पोरांचाच कान पिळायचा?

पूर्वभाग

माझं मत आयोजकांच्या बाजूनं पडेल, राग मानू नका.

आमचे सहा लूम आहेत. चादरीचं नवं डिझाइन काढलं की पहिला नमुना हैदराबादच्या व्यापाऱ्याला फुकट जातो. फुकट म्हणजे वाहतूकसुद्धा आमची. सूत आमचं, नक्षीसाठीची जकार्डची कार्डं आमची, दोन दिवस लूम अडकतो तो आमचा. त्यानं उलगडून बघायचं, हातानं चोळायचं, मग ऑर्डर. तो म्हणतो, रंग उठत नाही. संपलं. रडत बसतो का आम्ही? नवीन माणसाला नमुना दाखवावाच लागतो. पोरांची पहिली वेळ होती, तो त्यांचा नमुना समजा.

भोंग्याच्या गाण्याबद्दल पण एक. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ही पोरं जन्मली पण नव्हती. माझ्या नान्नाची, म्हणजे वडिलांची, नोकरी गेली होती. ऐकून कशावरही गाणी लिहितात हल्ली.

कडकभाकरी

पूर्वभाग अन्ना, तुमचा नमुना व्यापाऱ्यानं उलगडला तेव्हा बघायला येणाऱ्यांकडून त्यानं तिकीट घेतलं होतं का? इथं गेटवर तीनशे घेतले होते.

माझी आई विड्या वळायची. पान, तंबाखू कारखान्याचं, बाकी सगळं घरी. रात्री पानं भिजवायची, सकाळी कापायची, सूप मांडीवर घेऊन वळत बसायची. आम्ही दोघी बहिणी शाळेतून आलो की विड्यांची तोंडं बंद करायला बसायचो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोजणी. हजाराला अमुक मजुरी. वाईट म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि त्यावर रोज भांडण. पण हजारातल्या आठशे चांगल्या ठरल्या तर आठशेचे मिळायचे. पहिल्या दिवशी सुद्धा. "अगं तू नवीन आहेस, हात बसेपर्यंत फुकट वळ" असं तिला कोणी म्हणालं नाही. ते कारखानदार काय संत नव्हते.

सोलापुरात तासाची, मीटरची, डझनाची, हजाराची मजुरी सगळ्यांना कळते. गाण्याचीच कशी कळत नाही?

आणि गिरणीचं म्हणाल, तर तुमच्या नान्नाची नोकरी गेली हे तुमच्या घरात अजून बोलतात की नाही? मग नातवंडांनी गायलं तर बिघडलं कुठं?

पूर्वभाग

तिकिटाचा मुद्दा मान्य. नातवंडांचा पण, अर्धा. गाणं चाल म्हणून मला आवडलं नाही ते नाहीच.

सातरस्ता

डोसा मात्र कसला भारी होता. लोणी असं...

फेडर

साउंड माझ्याकडं होता. पूर्ण पैसे घेतले, आधीच सांगतो. चौदा मिनिटांचं कसं झालं ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज तपासायचा, तो उलटा चालतो. शेवटी वाजवणारा मोठा बँड आधी चेक करतो, मग त्याच्या आधीचा, आणि जो पहिला वाजवणार तो सगळ्यात शेवटी. कारण त्याची सेटिंग तशीच ठेवून लगेच सुरू करता येतं. पद्धत चांगली आहे. पण मोठा बँड चेकला उशिरा आला की त्याचा उशीर कोणाच्या अंगावर जातो? जो शेवटी चेक करणार त्याच्या. पुण्याचे बारा वाजता येणार होते, आले दोनला, आणि एकट्या ड्रमवर पाऊण तास घेतला. ह्या पोरांचा चेक झालाच नाही. पहिल्या गाण्यात बास ऐकू आला नाही ना? मी लाइन शोधत होतो. केबल गेली होती, त्यांचीच. आधी चेक झाला असता तर तिथंच कळलं असतं.

मग म्हणाल पुढं सरकवा. कुठं सरकवणार? उघडी जागा, रात्री दहाला बंद म्हणजे बंद. २००० सालचा नियम आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस सरकार सणवार बघून ठरवतं. एवढ्याशा कार्यक्रमाच्या वाट्याला ते कशाला येतील? त्यात डीजेवरून गावात इतकी ओरड झाली आहे की पोलीस पावणेदहालाच गेटवर उभे होते. म्हणजे शेवट दहाला खिळलेला, मोठ्या बँडचा वेळ कमी करायचा नाही, मग कात्री लागते ती साडेचारच्या पोरांना. कोणी मुद्दाम केलं असं नाही. पण दर वेळी तिथंच लागते.

लॉनवरचा

हे बरोबर आहे. वेळेचं आमचं चुकलं. पुण्याच्यांना मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. पाहुणे आहेत म्हणून गप्प बसलो.

वेशीबाहेरचा

हे शाहीर राम जोशींचं गाव आहे, विसरू नका. पुराणिकाच्या घरातला माणूस, तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढला. पुढं पेशवाईत त्याच कवनांवर बिदाग्या मिळाल्या. कलावंतानं आधी सोसावं लागतं, मग दिवस येतात.

सातरस्ता

पेशवे गेले की बे. आता लॉनवाले आलेत.

कडकभाकरी

आणि तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, काका. बिदागी मिळाली म्हणताय ना?

वेशीबाहेरचा

सोसल्यावर मिळाली, असं म्हणतोय मी. असो. पोरांनी गाणी स्वतःची आहेत तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडं नोंद करावी. १९६९ पासूनची संस्था आहे. उद्या दुसऱ्या कोणी ती गाणी वापरली तर हक्काचे पैसे येतील.

बेंजोमास्तर

आधी केबल घेऊ द्या त्यांना.

छोटाहत्ती

सगळं वाचलं. फॉर्मवर सह्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मान्य. तोटा झाला हे पण मान्य, मी आयोजकांना चोर म्हणत नाही. गावात काहीतरी चांगलं करायला निघालेत, नाहीतर सोलापूरच्या पोरानं असलं काही ऐकायचं तर पुण्याची गाडी धरायची.

माझं म्हणणं एवढंच उरतं. तोटा झाला तर सगळ्यांना थोडं थोडं कमी द्या ना. एकट्या पोरांचाच आकडा शून्य का? फॉर्म छापतानाच शून्य लिहिलं होतं, म्हणजे तिकिटं किती जातील ते कळायच्या आधीच. हाऊसफुल झालं असतं तरी त्यांना शून्यच मिळणार होतं. तो तोटा नव्हे, ती सवय.

लॉनवरचा

बोलायला सोपं आहे. साउंडवाला कमी घेणार आहे का? मंडपवाला? तुम्ही घेतलं असतं का कमी?

छोटाहत्ती

विचारलं कुठं कोणी? पोरांनी पण विचारलं नाही. विचारलं असतं तर डिझेलपुरते घेतले असते, सहाशे. आता तुम्ही म्हणाल, मग स्वतःहून का नाही सोडलेस? नाही सोडले. गाडीचा हप्ता पाच तारखेला असतो.

फेडर

मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो, खरं सांगतो. लग्नाचे दिवस आहेत, दोन सुपाऱ्या सोडून आलो होतो. पण एक करता आलं असतं. लहान बँडना चेकसाठी सकाळी नऊला बोलवायचं, तेव्हा मी तसाही केबल अंथरत असतो. त्याला पैसा लागत नाही.

पूर्वभाग

आमच्याकडं व्यापाऱ्यानं नमुना ठेवून घेतला तर निदान त्याची किंमत तरी लावतो आम्ही. तसं करा. महोत्सवाचं रेकॉर्डिंग, रील, फोटो तुम्ही वापरताय ना पुढच्या वर्षीच्या जाहिरातीला? त्यात ती पोरगी गाताना दिसते, मी पाहिलं. मग त्याचे द्या काहीतरी.

लॉनवरचा

रीलचं लक्षात आलं नव्हतं. बघतो. पुढच्या वेळी स्थानिक बँडना जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ, हे मी आत्ता माझ्यापुरतं बोलतो, बाकी दोघांना विचारावं लागेल. मानधनाचं वचन देत नाही. पुढची वेळ येते की नाही तेच माहीत नाही.

बेंजोमास्तर

भाडं इसार म्हणून आधी द्या. नंतरचं काय खरं नसतं.

फेडर

ह्या भांडणात सांगायचं राहिलं. ड्रमवाल्या पोराच्या हाय-हॅटचा क्लच माझ्या केबलच्या पेटीत आलाय. छोटा आहे, पण त्याच्याशिवाय वरची झांज बसत नाही, शोधत असेल बिचारा. कोणाची ओळख असेल तर निरोप द्या.

छोटाहत्ती

माझ्याकडं नंबर आहे त्याचा. मंगळवारी बाळीवेशीत फेरी आहे, येता येता घेतो. तुमचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

फेडर

नऊपर्यंत. शटर अर्धं असलं तरी हाक मारा.