एक्सेलच्या कामाला ट्रॅकबॉल की माऊस?

कुंपणावरचा_सरडा:
रोज आठ-नऊ तास एक्सेल आणि ईमेल. संध्याकाळी उजवं मनगट ठणकायचं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल घेतला, म्हणजे माऊस न सरकवता वरचा चेंडू फिरवून पडद्यावरचा बाण हलवायचा. हात जागचा हलत नाही, टेबलावर फायलींचा ढिगारा असला तरी अडत नाही. पहिला आठवडा मात्र एका सेलवर जावं तर शेजारच्या सेलवर टपकायचो. माझ्या मते टेबलावरच्या कामासाठी माऊस आता जुनाट झाला. पटतंय का कुणाला?

खवचट_काका:
नाही पटत. जुनाट म्हणाल तर ट्रॅकबॉलच वयाने मोठा! कॅनडाच्या नौदलासाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या यंत्रात चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता. माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांचा लाकडी माऊस त्यानंतरचा, १९६४ चा.
आणि दुखणं गेलं कुठे? मनगटातून अंगठ्यात. मी दीड वर्ष वापरला. शेवटी बरणीचं झाकण उघडेना. शिवाय आठवड्याला चेंडू काढून आतला मळ खरवडायचा. जुन्या गोळीवाल्या माऊसची आठवण झाली.

कुंपणावरचा_सरडा:
मळाचं खरं आहे. पण बोटांनी फिरवायचा, मोठ्या चेंडूचाही मिळतो की. त्यात अंगठ्यावर भार नाही.

टचपॅडवाली:
मला लॅपटॉपचा टचपॅड पुरतो. दोन बोटांनी स्क्रोल, वेगळं काही बाळगायला नको.

खवचट_काका:
टचपॅडवर फॉर्म्युला हजार ओळी खाली ओढून दाखवा ताई, मग बोलू.

टचपॅडवाली:
ओढायचा कशाला काका? शेजारचा कॉलम भरलेला असेल तर सेलच्या कोपऱ्यावर डबल क्लिक करायचं, आपोआप खालपर्यंत भरतो.

रोजमेळ:
चेंडू की उंदीर यावर भांडताय, पण खोट कीबोर्डात आहे. उजवीकडे आकड्यांची बटणं, त्यांच्या पलीकडे माऊस. म्हणजे हात दिवसभर बाहेर ताणलेला. खांदा, मनगट सगळं तिथून सुरू होतं. मी माऊस डाव्या हाताला घेतला. उजवा हात आकड्यांवरून उठतच नाही, डावा क्लिक करतो. पंधरा दिवस डाव्या हाताने जेवल्यासारखं वाटलं, नंतर काही नाही. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, पण मी केली नाही. ऑफिसात कुणीही येऊन माऊस धरतो आणि मग मलाच हाका.

खवचट_काका:
पण तुम्ही हिशेबवाले. टॅलीत माऊस लागतो कुठे?

रोजमेळ:
टॅलीत नाही लागत, जीएसटीच्या पोर्टलवर लागतो ना!

कुंपणावरचा_सरडा:
रोजमेळ, तुमचा उपाय करून बघायला गेलो. माझा ट्रॅकबॉल उजव्या हातासाठीच घडवलेला, डाव्या हातात धरताच येत नाही. जुना माऊस कपाटातून काढून डावीकडे लावलाय. चहाचा कप उजवीकडे गेलाय. सकाळीच एकदा लवंडला.