मदत हवी आहे: व्हिसा स्टँपिंगची तारीख पुढे गेली, सांगलीत अडकले आहे. कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी "साबुदाणा किती वेळ भिजवायचा" इतपतच तोंड उघडते. आज स्वतःचंच रडगाणं घेऊन आले आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, नऊ वर्षं झाली. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाची रांग आपली माहीतच आहे. पिटिशन (कंपनीने माझ्यासाठी केलेला एच-१बी अर्ज) ऑगस्ट २०२६ पर्यंत वैध आहे, पण पासपोर्टावरचा व्हिसा गेल्या मार्चमध्ये संपला. तिथे राहायला आणि नोकरी करायला त्याची गरज नसते. बाहेर पडून परत आत जायचं असेल तर लागतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावाचं लग्न होतं, म्हणून आलो. लग्न उरकायचं, १८ तारखेला नव्या व्हिसाची मुलाखत द्यायची (यालाच स्टँपिंग म्हणतात), २७ ला परत, असा बेत.

९ डिसेंबरला ईमेल आली. तुमची मुलाखत पुढे गेली आहे, जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही. नवी तारीख एप्रिलमधली. कारण तुम्हाला माहीत असेलच: १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (त्यांचे कुटुंबीय) वाल्यांचीही सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली, त्यामुळे रोज होणाऱ्या मुलाखतीच कमी केल्या.

नवऱ्याचा व्हिसा अजून चालू आहे, लेक तिकडचीच नागरिक. ती दोघं ठरल्या तारखेला गेली. मी इथे. ५ जानेवारीला तिची शाळा सुरू झाली. रोज व्हिडिओ कॉलवर वेणी कशी घालायची ते मी नवऱ्याला शिकवते आणि तो रोज नव्याने विसरतो. कंपनीने बारा आठवडे बिनपगारी रजा दिली आहे. भारतातून काम करायला त्यांचे करसल्लागार नाही म्हणतात.

आता प्रश्न:

१. व्हॉट्सॲपवर अडकलेल्यांचा एक ग्रुप आहे. तिथे एक वकील (नाव लिहीत नाही) सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा लावतो म्हणतोय, माणशी दोन हजार डॉलर. भरू का?

२. नव्या एच-१बी पिटिशनवर लावलेलं ते एक लाख डॉलरचं शुल्क मला लागू होतं का? ग्रुपवर रोज दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या जातात.

३. बाबा विचारतात, "अगं, २०१७ मध्ये कोर्टाने ट्रंपची प्रवेशबंदी रातोरात उडवली होती ना? मग आता का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

---

सडेतोड

व्हिसा संपलाय हे माहीत असताना देश सोडायचाच कशाला? आणि एवढा त्रास आहे तर राहा की इथेच. सांगलीत काय वाईट आहे?

---

कृष्णाकाठची

@सडेतोड, सांगलीत काहीच वाईट नाही, भडंग तर फारच चांगलं आहे. तिकिटं जूनमध्ये काढली, तेव्हा ड्रॉपबॉक्स होतं, म्हणजे मुलाखतीशिवाय पासपोर्ट टाकून यायचा. २ सप्टेंबरपासून ती सोय बहुतेकांची बंद झाली. त्याच आठवड्यात आपापल्या देशातच अर्ज करा असाही नियम आला, म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन उरकायची वाटही गेली. भावाच्या लग्नाची तारीख त्यांना विचारून काढली नव्हती, हे मात्र खरं.

---

बेएरियाकर

ताई, तुमच्या पंगतीत मी २०२० मध्ये बसून आलो आहे. बाप वारले म्हणून मार्चमध्ये नागपूरला आलो. आधी विमानं बंद, मग २२ जूनची घोषणा: ज्यांच्याकडे वैध व्हिसा नाही अशा एच-१बी, एल-१ (कंपनी-अंतर्गत बदली) वगैरेंना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद. माझा स्टँप संपलेला.

तेव्हाही दावे झाले. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश अमित मेहतांपुढे प्रकरण आलं. त्यांनी सप्टेंबरमध्ये सांगितलं की ग्रीन कार्डाच्या लॉटरीतून निवडलेल्यांचे व्हिसा अर्ज हाताळायला सरकारने टाळाटाळ करू नये, पण प्रवेशबंदी उठवायला नकार दिला. (माणूस पाटणचा, गुजरातेतल्या. ग्रुपवर काही जणांना वाटत होतं "आपला" न्यायाधीश आहे म्हणजे काम झालं. अशाने काम होत नसतं.)

मग १ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी बंदीला स्थगिती दिली. इकडे पेढे वाटायचेच बाकी होते. बातमीचा मथळा "एच-१बी बंदीला स्थगिती". निकाल उघडून वाचला तर स्थगिती फक्त ज्या संघटनांनी दावा लावला त्यांच्या सभासद कंपन्यांपुरती. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स, कारखानदारांची संघटना, किरकोळ विक्रेत्यांची संघटना, टेकनेट आणि इंट्रॅक्स नावाची एक कंपनी. मी आमच्या एचआरला विचारलं, आपण यातल्या कुणाचे सभासद आहोत का? तिला ते शोधायला तीन आठवडे लागले. नव्हतो.

बंदी मार्च २०२१ अखेर संपली. मी कागद काढले तोवर ३० एप्रिलची नवी घोषणा, ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांना बंदी, या वेळी करोनामुळे. ती ८ नोव्हेंबरला उठली. मी डिसेंबरात पोचलो. घरमालकाने माझी गाडी विकून टाकली नव्हती हेच नशीब.

कोर्टातल्या विजयाची बातमी वाचून तिकीट काढू नका. कुणापुरता विजय आहे ते शोधा, मग सूटकेस उघडा.

---

वकिलीणबाई

मी तिकडच्या इमिग्रेशन कायद्यात काम करते. इथे लिहिते तो वैयक्तिक सल्ला धरू नका, कागद न बघता कुणालाच देता येणार नाही.

आधी बाबांचा प्रश्न, कारण सगळ्यात चांगला तोच आहे.

१९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१२(एफ) आहे. परकीयांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं, तर ते घोषणेने तो प्रवेश थांबवू शकतात किंवा त्यावर अटी घालू शकतात. २७ जानेवारी २०१७ चा आदेश याच कलमावर उभा होता: इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया, येमेन, ९० दिवस. आदेश निघाला तेव्हा लोक विमानात होते, उतरल्यावर अडवले गेले. दुसऱ्याच रात्री ब्रुकलिनच्या न्यायाधीश ॲन डॉनेली यांनी त्यांना परत पाठवायला मनाई केली आणि ३ फेब्रुवारीला सिएटलचे जेम्स रोबार्ट यांनी देशभर स्थगिती दिली. बाबांच्या लक्षात आहे ते हे.

पुढचा भाग लोकांच्या लक्षात राहत नाही. सरकारने तो आदेश मागे घेऊन मार्चमध्ये दुसरा काढला, त्यालाही हवाई राज्यातल्या कोर्टातून स्थगिती आली. सप्टेंबरमध्ये तिसरा काढला, यावेळी देशोदेशींची पाहणी, कारणं, अपवाद असं सगळं घालून. २६ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. निकालाचा गाभा असा की या कलमाचा शब्दन् शब्द अध्यक्षांना झुकतं माप देतो. म्हणजे बाबांना रातोरातचा जो विजय आठवतो, तो दीड वर्षात निकालाअंती हरवला.

शिवाय २७ जून २०२५ पासून आणखी एक गाठ बसली आहे. जन्मजात नागरिकत्वाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जिल्हा न्यायाधीशांनी सरसकट देशभराची मनाई देऊ नये, दावा लावणाऱ्यांपुरता दिलासा द्यावा. सारखीच अडचण असलेल्या सगळ्या वर्गाच्या वतीने दावा लावायची वाट उघडी आहे, पण रोबार्टसारखा एका न्यायाधीशाचा एका सहीचा देशभर दिलासा आता मिळणं कठीण.

आता एक लाख डॉलर. ती घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ची, लागू २१ सप्टेंबरपासून. (तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता, आमच्या ऑफिसातला फोन मात्र पितरांसारखा शांत नव्हता.) ही रक्कम २१ सप्टेंबरनंतर दाखल झालेल्या नव्या पिटिशनला आहे, तीही व्यक्ती देशाबाहेर असून वैध एच-१बी व्हिसा नसेल तर. तुमची पिटिशन त्याआधीची, मंजूर झालेली. तिच्यावर स्टँपिंग करायला ही रक्कम लागत नाही. ग्रुपवर शपथा घेणाऱ्यांना इमिग्रेशन खात्याचं २० ऑक्टोबरचं स्पष्टीकरण वाचायला सांगा.

पण ताई, तुमच्या पोस्टमधली एक तारीख मला खटकली: ऑगस्ट २०२६. मुदतवाढीची पिटिशन सहा महिने आधीपासून टाकता येते, म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या कंपनीची यंत्रणा आपोआप हलेल. तुम्ही सांगलीत, हातात वैध व्हिसा नाही आणि अशात नवी पिटिशन गेली, तर मजकुरानुसार ती नेमकी त्या घोषणेच्या तावडीत सापडते. साधारण नव्वद लाख रुपये. आधी आत पोचलात आणि तिथे असताना मुदतवाढ मागितली तर हा प्रश्न येत नाही. त्यामुळे कंपनीच्या वकिलांना आजच लिहा: मला विचारल्याशिवाय काहीही दाखल करू नका. एप्रिलची मुलाखत वाईट आहे, पण ऑगस्टच्या आत आहे. नोकरी मात्र सोडू नका आणि सुटू देऊ नका, कारण नव्या कंपनीची पिटिशन म्हणजे पुन्हा तेच.

या शुल्काविरुद्धही दावे लागले आहेत. चेंबर ऑफ कॉमर्सचा दावा वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी २३ डिसेंबरला फेटाळला, पुन्हा तेच २१२(एफ). कॅलिफोर्नियात एक वेगळा दावा आहे आणि २० राज्यांनी मिळून मॅसॅच्युसेट्समध्ये आणखी एक लावला आहे. त्यांचा मुद्दा असा की प्रवेश थांबवणं वेगळं आणि पैसे आकारणं वेगळं, कर बसवायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. मला हा मुद्दा दमदार वाटतो. पण त्याच्या भरवशावर तुम्ही दिवस काढू नयेत.

---

मिरजेची_पोर

वकिलीणबाई, मग पहिल्या प्रश्नाचं काय? आणि तिची मुलगी अमेरिकन नागरिक आहे, तिच्या हक्कासाठी नाही का लढता येणार?

---

वकिलीणबाई

नात्याच्या जोरावर फार काही निघत नाही. २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की नागरिक असलेल्या बायकोला, परदेशी नवऱ्याला देशात घ्याच असा घटनात्मक हक्क नाही. व्हिसा अधिकाऱ्याने *नकार* दिला तर कोर्ट सहसा त्यात डोकावत नाही.

पण तुम्हाला नकार मिळालेला नाही, *उशीर* झाला आहे. उशिराचं कायदेशीर खातं वेगळं आहे. सरकारी खात्याने काम वाजवी वेळात करावं असं प्रशासकीय कायदा सांगतो आणि कोर्टाला तसा हुकूम, म्हणजे मँडॅमस, देता येतो. दावे लागतात, काही वेळा दावा दाखल झाल्यावर फाइल हलतेही. फक्त न्यायाधीश बघतात किती दिवस झाले आणि तुम्हाला पुढे काढलं तर रांगेतल्या बाकीच्यांचं काय. चार महिन्यांच्या उशिरावर बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील. काही वर्षं झाली असती तर गोष्ट वेगळी.

एक उपयोगी निकाल सांगते. ऑक्टोबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश जेम्स बोसबर्ग म्हणाले की घोषणेने *प्रवेश* बंद होतो, त्याचा अर्थ व्हिसा देणंच थांबवावं असा होत नाही. बेएरियाकर, तुमच्या करोनाबंदीचाच तो प्रसंग. पण इथे कुणी व्हिसे थांबवलेले नाहीत, मुलाखती कमी केल्या आहेत, त्यामुळे तो निकाल ताणून बसवावा लागेल.

त्या दोन हजारवाल्या वकिलाला विचारा की दावा कोणत्या कोर्टात, मागणी नेमकी काय, तो तिथल्या बारचा सभासद आहे का, आणि फेटाळला तर अपील त्याच पैशात का. लेखी उत्तर नसेल तर पैसे नको. असा एकत्रित दावा हा प्रकार खोटा नसतो, पण तुमच्या बाबतीत मला घाई दिसते. त्यापेक्षा तातडीच्या मुलाखतीचा अर्ज करा, कंपनीचं पत्र जोडा. आणि नवरा जिथे राहतो तिथल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात चौकशी अर्ज टाकायला सांगा. तो फुकट असतो. तुमची सही असलेला संमतीचा कागद लागतो, तो आजच पाठवा.

---

सडेतोड

माझा पहिला प्रतिसाद जरा जास्तच झाला. ऑगस्टचा मुद्दा माझ्या भाच्यालाही लागू आहे, त्याला पाठवतोय. धन्यवाद वकिलीणबाई.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. घडामोडी अशा:

कंपनीच्या वकिलांना रात्रीच ईमेल केली. उत्तर आलं, मुदतवाढीच्या यादीत माझं नाव २ फेब्रुवारीला दाखल करायचं म्हणून *खरोखरच* होतं. काढलं आहे. वाचताना हात गार पडले.

दोन हजारवाल्यांना चार प्रश्न पाठवले. "ताई, विश्वास ठेवा" एवढंच लेखी उत्तर आलं. ग्रुप सोडला नाही, म्यूट केला.

तातडीचा अर्ज एकदा नामंजूर झाला, पोर्टलवर पुन्हा मागता येत नाही असं दिसतंय. कुणाला वेगळा अनुभव असेल तर सांगा. संमतीच्या कागदावर सही करून बाबांच्या दुकानातल्या स्कॅनरवरून पाठवला, नवरा सोमवारी फोन करेल.

बाबांना २०१८ चा निकाल समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे स्टे मिळाला होता, निकाल नाही." आयुष्यभर जमिनीची केस लढल्यामुळे त्यांना ते एका वाक्यात कळलं.

कॉलवर लेक दिसली. एक वेणी कानाच्या वर, एक मानेशी. एप्रिलमधली तारीख धरून चालले आहे. त्याआधी कुणाला रद्द झालेली जागा पोर्टलवर दिसली तर कितीही वाजता व्यनि करा, फोन उशाशीच असतो.